शहात्तर वेढे

राळ जळू लागली की वास आधी गोड येतो, मग कडवट होतो, आणि शेवटी गाभाऱ्यातल्या जुन्या धुरासारखा रेंगाळत राहतो. गिरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या खोलीला बारा महिने हा वास असे. कोपऱ्यात एक शेगडी. तिच्यावर एका बाजूला चहाचे पातेले आणि दुसऱ्या बाजूला निखाऱ्यांत खुपसलेली, डाख द्यायची तांब्याची सळई. सळई तापली की बाई ती राळेला टेकवत, निळसर धुराची एक रेघ उठे, आणि तारेच्या दोन टोकांवर कथलाचा चकचकीत थेंब बसे. "जुळलं," बाई म्हणत. हा शब्द त्या तारांपुरताच वापरीत. माणसांविषयी तो त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

बाई आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत. लग्न केलेले नव्हते. खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या माडीवर भाड्याने राहत, आणि त्या घराच्या सज्जातून इतक्या तारा निघालेल्या असत की खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई त्यांना म्हणत, "टीचर, माझ्या घराला तुम्ही वीणा केली." अंगावर पांढरे सुती पातळ, बोटांवर भाजल्याचे तांबूस ठिपके, आणि गळ्यात काळ्या वायरीला लोंबणारी, रेडिओ ऐकण्यासाठी कानाला लावायची एक काळी चकती. ती चकती त्या वर्गातही काढत नसत. शिवणाच्या बाई एकदा शिक्षिकांच्या खोलीत म्हणाल्या, "चला, निदान काळं काहीतरी गळ्यात पडलं." बाईंनी चकती उचलून कानाला लावली, क्षणभर ऐकले, आणि शांतपणे विचारले, "माझं हे दिवसभर बोलतं हो. तुमचं बोलतं का?" शिवणाच्या बाईंचे यजमान अबोल म्हणून साऱ्या गिरगावात प्रसिद्ध होते.

बाईंचे खरे काम शाळा सुटल्यावर सुरू होई. त्या छोटे रेडिओ बनवीत. त्यांना वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. बांबूच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, शिशाच्या खनिजाचा चण्याएवढा खडा, खड्याला हलकेच टोचणारी एक बारीक तार आणि ती काळी चकती, एवढाच संसार. एक तार गॅलरीत आडवी बांधायची, दुसरी मोरीतल्या नळाला गुंडाळायची, खड्यावरची नेमकी जागा टोचून शोधायची. की चकतीतून माणूस बोलू लागे. असे रेडिओ करून बाई ते लालबाग-परळच्या चाळींत, गिरणीकामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांना नेऊन देत. या बायका बहुतेक कोकणातल्या, अक्षरओळख नसलेल्या. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या, त्या उठत तेव्हा दिवस मावळलेला असे. दुपारी एक ते दीड मीडियम वेव्हवर मराठी भाषणे लागत. कधी आरोग्यावर, कधी इतिहासावर, कधी चंद्रावर. तो अर्धा तास ही त्यांची शाळा होती.

असे चौदा रेडिओ बाईंनी दिले होते, आणि चौदांचेही परवाने स्वतःच्या नावावर काढले होते. पोस्टातला कारकून दर वर्षी विचारी, "बाई, तुम्हांला कान तरी किती?"

"मोजतेय अजून," बाई म्हणत.

माझा त्यांच्याशी खरा परिचय झाला तो कवितेमुळे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते, कारण कविता त्यांना मुळीच आवडत नसे. नळीवर तार गुंडाळताना वेढे मोजावे लागत, आणि मध्येच कोणी हाक मारली की आकडा हरवे. एका दुपारी मी त्यांच्या खोलीतल्या मागच्या बाकावर बसून परीक्षेसाठी वृत्ते घोकत होते. बाईंनी हात थांबवून विचारले, "हे जे तू म्हणतेस, त्याला ओळीत अक्षरं किती?"

"शार्दूलविक्रीडित आहे, बाई. एकोणीस."

"दर ओळीला एकोणीसच? कमीजास्त नाही?"

"नाही."

"आणि ओळी चार. म्हणजे शहात्तर." त्यांच्या डोळ्यांत प्रथमच मी आनंद पाहिला. "मला शहात्तरच वेढे हवेत. म्हण. सावकाश म्हण."

तेव्हापासून एका अक्षराला एक वेढा, असा आमचा नेम झाला. मी म्हणे, त्या गुंडाळीत. मी एखादे अक्षर गिळले तर त्यांचे बोट हवेत थांबे. "एक खाल्लंस, कविराज. तेवढं स्टेशन सरकेल." श्लोकाचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही. एकदा घाबरत घाबरत मी माझा स्वतःचा श्लोक म्हटला, आयुष्यातला पहिला. चौपाटीवर भरती उतरल्यावर वाळूत जो ओला उजेड राहतो, त्याच्यावर होता. शेवटचे अक्षर संपले तेव्हा बाईंनी तार तोडली, नळी कानाजवळ धरून उगाच हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर बसला. एक वेढा जास्त नाही, एक कमी नाही." माझ्या पुढच्या पुस्तकांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले. इतके नेमके कोणी लिहिले नाही.

ती नळी लालबागच्या एका काकींच्या रेडिओत बसली. बाई मला अधूनमधून म्हणत, "चल, तुझा श्लोक कुठे राहतो ते दाखवते." मी म्हणे, पुढच्या आठवड्यात. मला वेळ नसे. ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षे होती. आम्ही कॉलेजात गेलेल्या मुली प्रभातफेऱ्या काढत होतो, फलक रंगवत होतो. बोटांना कायम गेरूचा आणि खळीचा वास होता. बाई मोर्च्यात आल्या नाहीत. मात्र संचारबंदी असताना पिशवीत तारेचे भेंडोळे घेऊन त्या भर दुपारी लालबागेकडे चालत निघाल्या होत्या. नाक्यावरच्या हवालदाराने हटकले.

"कुठं चाललात, बाई?"

"एक कान बिघडलाय. दुरुस्त करायला."

"डॉक्टरीणबाई आहात होय?"

"जवळपास."

त्याने त्यांना दोन गल्ल्या सोबत केली.

बाईंना खरखर आवडे. ट्रामचा दांडा वरच्या तारेवर घासून ठिणगी पडली की चकतीत कागद फाटल्यासारखा आवाज येई, बाई डोळे मिटून सांगत, "परळची गेली." आम्ही तक्रार केली की म्हणत, "ऐकणाऱ्यानं थोडं चालत जावं आवाजाकडे. सगळं त्यालाच का यायला लावता?" त्यांच्या चौदा घरांत एक कायदाही होता: दुपारी एक ते दीड गॅलरीतल्या त्या तारेवर ओले लुगडे घालायचे नाही. ओल्या लुगड्याने आवाज मंदावे. तो कायदा साऱ्या मजल्यांनी पाळला, आणि ज्या बायका रेडिओ ऐकत नव्हत्या त्यांनीही पाळला.

मग तो प्रश्न आला.

गिरगावात एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात आमचे श्रोता मंडळ भरत असे. रेडिओ केंद्राने अशा मंडळांची मते मागवली: दुपारची मराठी भाषणे मीडियम वेव्हवरून शॉर्ट वेव्हवर न्यावीत काय? मीडियम वेव्ह दिवसा शहराभोवतीच फिरते. शॉर्ट वेव्ह बेळगावापासून विदर्भापर्यंत जाते. दोन्हींवर ठेवता येणार नव्हती, कारण मीडियमवरची ती वेळ दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायची होती. मंडळाने वाद ठेवला आणि ज्या बाजूला अधिक हात तिचे पत्र धाडायचे ठरले. नेण्याच्या बाजूने मी बोलणार होते. माझ्या मनात शंकाच नव्हती. सारा मराठी मुलूख एक होऊ मागत होता, आणि त्याला दुपारी एक वाजता एकच आवाज ऐकू यावा, याहून सुंदर काही मला सुचत नव्हते. न नेण्याच्या बाजूने बाई बोलणार होत्या. शॉर्ट वेव्ह ऐकायला व्हॉल्व्हचा, विजेवरचा रेडिओ लागतो. बाईंच्या खड्याला ती ऐकू येत नाही. भाषणे गेली की चौदा चकत्या मुक्या होणार, हे त्यांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि दिसणे यांत जे अंतर असते, ते मी तोवर चालून गेले नव्हते.

आमच्या शाळेची एक जुनी रीत होती. वादसभेला उभ्या राहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मुलींची तयारी एकाच शिक्षिकेने करून घ्यायची. मी शाळा सोडून दोन वर्षे झाली होती, आणि या खेपेस ती शिक्षिकाच माझी प्रतिपक्षी होती. तरी सवयीने मी भाषणाचे कागद घेऊन खोताच्या वाडीत गेले. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचले.

"सगळं आभाळच आहे यात. जमीन कुठे आहे?"

त्यांनी ट्रंकेतून एक पत्र काढले. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बेळगावकडच्या खेड्यात शिक्षिका होती. तिने लिहिले होते: इथे दुपारी मुंबईचा आवाज पोहोचत नाही. मी मुलांना बाकावर बसवते, रेडिओचे बटण फिरवते, आणि मधूनच एखादा मराठी शब्द लागला की मुले टाळ्या वाजवतात. मग तो शब्द मी फळ्यावर लिहिते.

"हे वाच," बाई म्हणाल्या. "दुसरं काही बोलू नकोस. हे वाचून खाली बस. सभा तुझी होईल."

"पण बाई, तुम्ही तर दुसऱ्या बाजूच्या."

"म्हणून काय तुला कच्चं पाठवू?"

सभेला दिवाणखाना भरला होता. मी पत्र वाचले. फळ्याच्या वाक्याशी समोर कोणीतरी नाक शिंकरले. मग बाई उठल्या. त्यांनी टेबलावर एक बांबूचा रेडिओ ठेवला, तार खिडकीच्या गजाला बांधली, खड्यावर जागा शोधली, आणि चकती पहिल्या रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात दिली. "ऐकून पुढे द्या," एवढेच म्हणाल्या. चकती एकाच कानाची. एकेक जण ऐके, मान हलवी, वायर सांभाळत पुढे देई. बाकीचा दिवाणखाना नुसता बसून होता. दोन मिनिटे गेली, चार गेली. मागे कुजबुज सुरू झाली, कोणी विचारले, "प्रसाद इथवर येणार का?" हशा झाला. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते घड्याळ पाहत म्हणाले, "बाई, आपलं भाषण?"

"चालू आहे," बाई म्हणाल्या.

वेळ संपली तेव्हा चकती तिसऱ्या रांगेत होती. हात मोजले. ज्या तीन रांगांनी ऐकले होते त्यांतले बहुतेक बाईंकडे, बाकी सारा दिवाणखाना माझ्याकडे. जिन्यात बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "छान वाचलंस. दुसऱ्या परिच्छेदात श्वास घ्यायला विसरलीस मात्र."

पुढे भाषणे शॉर्ट वेव्हवर गेली. आमच्या एका पत्राने गेली असे म्हणणे अहंकाराचे होईल. तशी पत्रे पुष्कळ मंडळांनी धाडली असतील. तरी ज्या सोमवारी ती गेली, त्याच आठवड्यात बाई माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. "आता तरी चल," म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. ट्राममध्ये शेजारी बसून त्यांनी मला मटारच्या शेंगा सोलून दिल्या.

काकींची खोली तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. कोकमाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि बांगड्याच्या तिखल्याचा वास जिन्यापासूनच हात धरून वर नेत होता. काकी चाळिशीच्या, विधवा, कोपरापर्यंत पिठाच्या हातांच्या. कानाशी पदरात ती काळी चकती खोचलेली होती. मुकी झाली तरी त्यांनी ती काढली नव्हती. दुसऱ्या पाळीला जायचे कामगार गॅलरीत जेवायला ओळीने बसले होते. एकाने भात कालवता कालवता विचारले, "काकी, आज रेडिओ काय म्हणालो?"

"गप आसा," काकी म्हणाल्या.

"चार दिस झाले गप. रुसलो की काय?"

"जेव तू."

हळूहळू मला उमगले ते असे. रोज दीडला भाषण संपे, दोनला पंगत बसे, आणि काकी वाढता वाढता ते भाषण सांगत. चंद्रावर माती आहे. विंचवाला आठ पाय असतात. शिवाजीमहाराजांचे आरमार कुठल्या लाकडाचे होते. दिवसाच्या साऱ्या पंगतींना ते त्यांच्या तोंडून कळे. पाळीला जाताना कामगार ते गिरणीत नेत. अक्षर न येणाऱ्या त्या बाईला सारी चाळ अडलेले विचारायला येई. मी ज्यांना चौदा चकत्या म्हणत होते, त्यांतल्या एकीमागे इतके कान होते.

पंगत उठल्यावर मला राहवेना. मी म्हटले, "काकी, ती भाषणं हलवावीत म्हणून सभेत मी बोलले. मी म्हणजे... मीच."

बाई खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. काकींनी परातीतले पीठ एकवार मळले.

"म्हंजे आता बेळगावाक आयकाक येता?"

"हो."

"बरा झाला," काकी म्हणाल्या. "थंय पण माझ्यासारकी कोणतरी आसतली." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "जेवलंस काय गो तू?"

मी जेवले.

त्यानंतर बाईंनी जे केले, ते सांगण्यासाठीच हे सारे लिहीत आले. त्यांच्या माडीवर त्यांचा स्वतःचा एकुलता एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो त्यांनी हमालाच्या डोक्यावर देऊन लालबागेत आणला. काकींच्या चाळीत तळमजल्यावर एका गावच्या मंडळींची सामाईक खोली होती. तिथे वीज होती. रेडिओ तिथे ठेवायचा, आणि त्याचा आवाज तारेने वरच्या खोल्यांतल्या चकत्यांना पोहोचवायचा. त्या चाळीत अशा पाच बायका होत्या. उरलेल्या नऊ जणींची पाळी पुढे आली, आणि त्यांच्या चाळींसाठी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ जमवीत ती पुरी व्हायला दोन वर्षे लागली. राज्य झाले त्या दिवशी सारे लालबाग गुलालाने तांबडे झाले होते, आणि बाई एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर स्टुलावर उभ्या होत्या. खालून कोणी ओरडले, "बाई, महाराष्ट्र आला, बाहेर या." बाई म्हणाल्या, "आलेच. इथे एक डाख राहिलाय." पुढे त्या वारल्या तोवर आणखी किती डाख त्यांनी दिले, मोजलेले नाहीत.

पहिल्या तारेच्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली होते. गॅलरीतल्या ज्या तारांवर दुपारी लुगडी घालायची बंदी होती, त्याच तारा आम्ही सोडवून, जोडून, मजल्यामजल्याने खाली आणल्या. दुपारभर राळेचा धूर आणि कोकमाचा वास एकमेकांत मिसळत होते. तीन वाजून गेले. भाषणाची वेळ टळली होती. तार नीट लागली की नाही, हे उद्यापर्यंत कळणार नव्हते.

"उद्यावर कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यातली चकती काढली, तिची वायर रेडिओऐवजी तारेला जोडली आणि ती माझ्या हातात ठेवली. "याच्यातून ऐकू येतं, तसं याच्यात बोलताही येतं. काकी वर चकती लावून बसल्यात. तू बोल."

"काय बोलू, बाई?"

"सभेत सापडलं होतं की तुला."

आणि त्या मोरीतल्या नळाची गाठ आवळायला निघून गेल्या.

त्या खोलीत पत्र्याच्या ट्रंका होत्या, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले गिरणीचे कपडे होते. चकती हातात थंड लागत होती. तिला बाईंच्या गळ्याचा, राळेचा वास होता. दिवाणखानाभर माणसांपुढे जी मी अडखळले नव्हते, तिला तीन मजले वर बसलेल्या एका बाईला सांगण्यासारखे एक वाक्य सुचेना. क्षमा मागावी, तर त्यांनी ती मागितली नव्हती. शेवटी मी डोळे मिटले आणि तो ओल्या उजेडाचा श्लोक म्हणू लागले. सावकाश, एका अक्षराला एक वेढा या हिशेबाने, एकही न गिळता. शहात्तर झाली. मी थांबले, आणि चकती तोंडाजवळून काढून कानाशी नेली.

आधी नुसती खरखर होती. एक ट्राम गेली. मग फार लांबून, भांड्यांच्या आवाजाच्या पलीकडून, काकींचा आवाज आला.

"आयकतंय."